उंची कमी, गाडी उंच : जुनी अ‍ॅडव्हेंचर बाईक घेतानाचे अनुभव

तापीकाठची

काल शहाद्याच्या पेट्रोल पंपावर एक मुलगी रॉयल एनफिल्डच्या हिमालयन बाईकवर आली. तोरणमाळहून उतरली असावी, मागच्या पेट्यांवर धुळीचा थर होता. उंचीला माझ्यासारखीच, पाच फूट दोनच्या आसपास. थांबताना सीटवरून सहज डावीकडे सरकली, डावा पाय पूर्ण टेकवला, उजवा ब्रेकवर तसाच. पेट्रोल भरलं आणि निघून गेली. मी जुनी गाडी शोधत जळगाव-भुसावळ-धुळे पालथं घालत होते ते दिवस एकदम आठवले. म्हणून हा धागा.

तेव्हा कुठेही गेलं की मालक आधी माझ्या पायांकडे बघायचा आणि मग किल्ली द्यायची की नाही ते ठरवायचा. "ताई, झेपेल का? स्कूटी का नाही घेत?" शेवटी मी उत्तर देणंच सोडलं, सरळ गाडीवर बसायचे.

कागदावर बघितलं तर हिमालयन ४११ ची सीट जमिनीपासून ८०० मिमी उंच, हिरोच्या एक्सपल्स २०० ची ८२३, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि बीएमडब्ल्यू जी ३१० जीएस ८३५, केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर ८५५. एवढंच बघितलं तर हिमालयन घ्या, विषय संपला. पण तिचं वजन १९९ किलो आणि एक्सपल्स दीडशेच्या थोडीच वर. मी दोन्हींवर बसले, मग इंजिन बंद ठेवून दोन्ही ढकलत पार्किंगमधून उलट्या बाहेर काढल्या. तिथेच निकाल लागला. एक्सपल्सवर माझे नुसते चवडे टेकत होते, पण गाडी कलली तर एका पायावर तोलता येत होती. शिवाय सीट पुढे चिंचोळी आहे आणि मागचं सस्पेन्शन आपण बसलो की दबतं, त्यामुळे ८२३ हा आकडा बसल्यावर ८२३ राहत नाही.

अजून एक. आपली उंची सांगून काही कळत नाही, पायांची लांबी मोजा. भिंतीला पाठ लावून, ज्या बुटात गाडी चालवणार तेच बूट घालून, जाड पुस्तक मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरायचं आणि तिथून जमिनीपर्यंत टेप लावायची. माझ्याच उंचीच्या मैत्रिणीचे पाय माझ्यापेक्षा लांब निघाले, तिला हिमालयन आरामात जमते.

तुमचं सांगा. कोणती बघितली, कोणती सोडली, का सोडली.

बोरीकाठ

हिमालयन. ५'३. दोन्ही पाय टेकत नाहीत, कधी टेकलेच नाहीत, काही अडत नाही. ताई तुम्ही वजनाचं बोललात ते खरं पण हिमालयनचं वजन खाली आहे, चालू झाली की जाणवतच नाही. त्रास फक्त अंगणात वळवताना. आमच्या पारोळ्याच्या घराला उतार आहे, तिथे गाडी नेहमी तोंड बाहेर करूनच लावायची, नाहीतर सकाळी दोन माणसं बोलवा.

धुळे_अठरा

उंचीचं सगळे बोलतील, मी कागदांचं बोलतो, कारण आपल्याकडे सुरतेच्या आणि सेंधव्याकडच्या गाड्या स्वस्त दिसतात म्हणून लोक भुलतात. जीजे किंवा एमपी पासिंग घेतली तर तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) पाहिजे, इथे परत नोंदणी आणि महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा भरायचा. तो धरून हिशोब करा, बऱ्याचदा जळगावचीच स्वस्त पडते. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, बोजा उतरल्याशिवाय टोकन सोडून एक रुपया देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा, हे तर कोणीच करत नाही. जुने चलान ऑनलाइन बघून घ्या.

केळीबागवाला

८०० ८२३ ते सगळं ठीक पण आमच्या रावेर-यावलकडे काळी माती आहे बापा. पावसात बांधाने गेलं की पुढच्या चाकाला चिकटलेल्या मडगार्डात माती भरते आणि चाक जाम. उंच चोचीचं मडगार्ड असेल तर बरंच निभतं. घेताना हे बघा. बुटकं असो की उंच, चिखलात गाडी जाम झाली की उतरावंच लागतं.

सातपुडा_मास्तर

अक्राणी तालुक्यात जि.प. शाळेवर आहे. धडगावच्या पुढे पाड्यावर जायचं म्हणजे पावसाळ्यात रस्ता कमी आणि ओढा जास्त. माझी उंची पाच फूट चार, गाडी एक्सपल्स, सेकंडहँड.

इथे शिकलो ते सांगतो. पाय टेकणं हे थांबतानाचं काम आहे, तेव्हा थांबायचं कुठे ते आधी ठरवायचं. मी थांबायच्या वीसेक फूट आधीच जमीन बघतो. ज्या बाजूला उंचवटा असेल, दगड असेल, तिकडचाच पाय. खड्ड्याच्या बाजूला पाय टाकला की जमीन आहे त्याहून खाली जाते, गाडी हातातून सुटते, आणि एकदा ठराविक कोनाच्या पलीकडे गेली की कोणाचाच पाय तिला धरत नाही, सहा फुटी माणसाचाही नाही. तेव्हा सोडून द्यायची आणि बाजूला व्हायचं. धरायला गेलात तर गुडघा जाईल.

पडली तर उचलायची पद्धत आहे. इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवा, गिअरमध्ये टाका. हँडल पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवा, एक हात हँडलच्या टोकाला, दुसरा मागच्या कॅरिअरला, आणि पाठ सरळ ठेवून छोटी छोटी पावलं मागे टाकत पायांच्या जोराने उठा. आमच्या शाळेतल्या मॅडम माझ्याहून बारीक, त्याही उचलतात.

तापीकाठची

मास्तर, हे मला घेण्याआधी कोणी सांगितलं असतं तर! "आधी जमीन बघा" हे लिहून ठेवते.

अमळनेरी

मास्तर अस्तंब्याच्या यात्रेला रस्ता कसा होता यंदा? आम्ही दरवर्षी ठरवतो आणि दिवाळीच्या फराळात अडकतो

सातपुडा_मास्तर

पायथ्यापर्यंत गाडी जाते, पुढे पायीच. गर्दी प्रचंड. पुढच्या वर्षी या, मुक्काम आमच्याकडे.

भुसावळ_गॅरेज

लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली आणणारी पट्टी) बसवून खाली केलेली गाडी मिळाली तर पोरं खूश होतात. थोडं थांबा. मागे ही लिंक टाकली की मागचं खाली येतं, पुढचं तसंच राहतं, हँडल जड होतं. ज्याने नीट काम केलंय त्याने पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) पण क्लॅम्पमध्ये तेवढेच वर सरकवलेले असतात, ते बघायचं. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि जमीन यातलं अंतर) जातो, म्हणजे ज्यासाठी ही गाडी घेतली तेच कमी होतं. साइड स्टँड लांब पडतो, गाडी सरळ उभी राहते, वारा आला की धाडकन. स्टँड कापून छोटा केलाय का विचारा.

त्यापेक्षा सीट कापा. पण वरून फोम काढू नका नुसता, पुढच्या दोन्ही कडा उतरवून घ्या. मांड्या पसरत नाहीत त्यामुळे पाय सरळ खाली जातो. कुशनवाल्याकडे अर्ध्या दिवसाचं काम. मूळ कव्हर-फोम जपून ठेवा, विकताना कामी येतं.

बाकी जुन्या गाडीत पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्ये अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. फोर्कवर तेलाचा पट्टा, रिमला ठोकर, ढिले स्पोक, टायरवरचे चार आकडे (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष). क्रॅश गार्ड घासलेलं असेल तर घाबरू नका, असल्या गाड्या पडतातच. फ्रेम आणि हँडल सरळ पाहिजे.

चाळीसगाव_लोकल

कन्नड घाटात ट्रकची रांग लागायची ना, चढावर थांबा-निघा थांबा-निघा, तिथे कळायचं गाडी झेपते का. उजवा पाय मागच्या ब्रेकवर पाहिजे म्हणजे डावा पूर्ण टेकलाच पाहिजे. मी व्ही-स्ट्रॉम बघितली होती, फार आवडली, पण तिथली आठवण आली आणि सोडली. येझ्दी अ‍ॅडव्हेंचर घेतली, ८१५. कोणाला पाटणादेवीला यायचं असेल तर सांगा, पाऊस संपला की तिकडचं जंगल बघण्यासारखं असतं.

एक_आई

माझ्या मुलीला घ्यायची आहे. ती बरोबर पाच फूट. वडील नाही म्हणतात, मी म्हणते बघू दे. लहानपणापासून ती मोटरसायकलवरच, वडिलांच्याच स्प्लेंडरवर शिकली. पाच फुटात काही जमेल का खरंच सांगा, खोटी आशा नको.

तापीकाठची

काकू, जमेल, पण सुरुवातीलाच एक्सपल्स नको. होंडाची सीबी २०० एक्स जुनी बघा, ८१० सीट, १४७ किलो. ती खरी डोंगरातली गाडी नाही, चाकं रस्त्याचीच आहेत, पण जळगाव-पाल किंवा मनुदेवीपर्यंत मजेत नेईल. स्क्रॅम ४११ ची सीट ७९५ आहे पण जड आहे, पाच फुटाला उतारावर ढकलायला त्रास होईल. स्प्लेंडरवर शिकली म्हणजे क्लच-गिअर हातात बसलेत, अर्धं काम झालं. तिला स्वतःला बसू द्या, दुकानदाराचं ऐकू नका.

धुळे_अठरा

आणि काकू, टाचा असलेले जाड तळव्याचे बूट. अर्धा-पाऊण इंच तिथेच मिळतो. चप्पल घालून उंच गाडी नकोच.

नंदुरबारी_पोऱ्या

भाऊ, पाय पुरतस का, पाय पुरतस का, बठ्ठा हाऊच विचारतस! सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना पाय जमिनीला टेकतात का हे कोणी बघतं का? दत्तजयंतीला या, बघा, केवढी केवढी पोरं केवढ्या घोड्यांवर असतात.

भुसावळ_गॅरेज

घोडा स्वतःच्या पायावर उभा राहतो रे भाऊ 😄

नंदुरबारी_पोऱ्या

😂 हे पण खरं शे

बोरीकाठ

केटीएम कोणी घेतली का? मला ३९० चं इंजिन फार आवडतं पण ८५५ म्हणजे...

चाळीसगाव_लोकल

३९० अ‍ॅडव्हेंचर व्ही म्हणून २०२३ ला आली होती, तिची सीट ८३०. जुन्यात मिळाली तर बघ. जाहिरातीत नुसतं "३९० अ‍ॅडव्हेंचर" लिहितात, व्ही आहे का ते आरसीवर तपास.

अमळनेरी

उन्हाळ्याचं कोणी बोललं नाही. मे महिन्यात भुसावळला सिग्नलला थांबलं की इंजिनची धग मांडीला लागते. पाय आखूड असले की गुडघा इंजिनच्या जवळ राहतो का? मला तरी तसं वाटतं. दुपारी टेस्ट राइड घ्या, सकाळी गार हवेत सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.

केळीबागवाला

दुपारची टेस्ट राइड आणि मग बामणोदच्या वांग्याचं भरीत. आता थंडी पडली, वांगी आलीत.

एक_आई

मुलीला सगळं वाचून दाखवलं. तिने लगेच पुस्तक-टेप घेऊन माप घेतलं, वडिलांनीच टेप धरली. एक विचारू, सीट कापून घेतलेली गाडी बसून बघायला मिळेल का कुठे? फोटोत कळत नाही.

तापीकाठची

काकू माझीच बघा ना. रविवारी सकाळी आठला मेहरूण तलावावर असते मी. तिला घेऊन या, बूट घालूनच आणा. मोकळी जागा आहे, बसू दे, ढकलू दे, पडली तरी चालेल, गार्ड आहे.

भुसावळ_गॅरेज

मी पण येतो. गॅरेजला एक सीबी २०० एक्स विकायला आलीय, गिऱ्हाईकाला विचारून घेऊन येतो. घ्यायचीच असं काही नाही, मुलगी बसून बघेल.

एक_आई

येतो दादा, तिघंही येतो. भरीत-पुरी आणू का? किती जण असाल?

केळीबागवाला

माझं धरा. मिरची हात राखून टाका ताई.