२४ एचपी ट्रॅक्टरला हायड्रॉलिक खड्डा मशीन चालेल का?

डाळिंबवाला: नमस्कार मंडळी, सांगोल्याकडे बाग आहे, कुंपणाचे खांब रोवायचेत, ९ इंची खड्डा दोन फूट खोल. जमीन मुरमाड, मधेच दगड लागतो. पीटीओवरचं (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणारं) घेऊ की तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रॉलिक मोटरवालं?

मिस्त्री: दादा आधी ट्रॅक्टरच्या पुस्तकात पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो ते बघा, कारण ऑगरचा, म्हणजे खड्डा पाडणाऱ्या स्क्रूचा, स्पीड तेलाच्या फ्लोवर आणि ताकद प्रेशरवर असते. छोट्या ट्रॅक्टरचा पंप बऱ्याचदा लिफ्टपुरताच असतो, त्यावर मोठी मोटर जोडली की ऑगर रडतखडत फिरतो आणि तेल तापतं. मागे पाईप जोडायला वेगळा व्हॉल्व्ह आहे का?

मुरमाड रान: माझं पीटीओवालं आहे. दगड लागला की शिअर बोल्ट तुटतो, तुटू द्या, तो गिअरबॉक्स वाचवायलाच असतो, त्याच्या जागी कडक बोल्ट अजिबात घालू नका. पण ऑगर स्क्रूसारखा खाली घुसून बसला की उलटा फिरत नाही, मागच्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी पाईप पाना लावून हाताने उलटा फिरवून काढला, अर्धा दिवस गेला. हायड्रॉलिकला लिव्हर उलटा केला की सुटतो. आणि शाफ्टचं कव्हर काढू नका, जवळ जाताना गळ्यात टॉवेल नको, हे मनापासून सांगतोय.

डाळिंबवाला: व्हॉल्व्ह आहे, डबल अ‍ॅक्टिंग, म्हणजे तेल दोन्ही दिशांना सोडता येतं. लिटर बघून उद्या टाकतो.

मिस्त्री: मग मोटर त्या लिटरला जुळणारीच मागा, दुकानदार देईल ती नको.