अंबरनाथचं देऊळ हेमाडपंती म्हणायचं का?

प्रश्न: एमएचं डेझर्टेशन करतेय, विषय शिलाहार-यादव काळातली देवळं. अंबरनाथच्या शिवमंदिराला सगळे सरसकट हेमाडपंती म्हणतात पण माझे गाईड म्हणतात तो शब्द वापरूच नकोस, मग लिहू काय?

उत्तर: गाईड बरोबर आहेत गं. तिथला शिलालेख शके ९८२ चा म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहारांचा, आणि ज्याच्यावरून हा शब्द आला तो हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, यादवांकडे मंत्री होता १३व्या शतकात, दोनशे वर्षांनी! भूमिज लिही, ही शिखराची एक शैली: चार बाजूंना उभ्या लता म्हणजे खालून वर जाणारे सलग पट्टे, मधे छोट्या शिखरांच्या रांगा. अंबरनाथचं शिखर पडलंय, त्यामुळे आधी सिन्नरचं गोंदेश्वर बघ, तिथे शाबूत आहे.

उत्तर: चुना न वापरता दगडात दगड बसवला की हेमाडपंती, शाळेतलं हे डोक्यातून जातच नाही :)

प्रश्नकर्ती: थँक्यू, रविवारी सिन्नर!