ओल, गळती आणि घरच्या घरी केलेली डागडुजी: तुमचे अनुभव लिहा

कारागीर बोलवायचा की आपणच हात घालायचा, हा प्रश्न घर असणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. नळाचा वायसर बदलणं वेगळं आणि भिंतीतून फुटणारी ओल वेगळी. इथे दोन्हींबद्दल लिहा. फक्त 'अमुक कोटिंग मारा, काम झालं' असं नको. पाणी नेमकं कुठून येत होतं, ते कसं शोधलं आणि पुढचा पाऊस गेल्यावर भिंत कशी आहे, हे वाचायचंय.

मी सुरुवात करतो. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, कपाटामागे, काळी बुरशी यायची. बाहेरून पाणी मुरतंय असं घरात सगळ्यांचं ठाम मत. बाहेरून परांची बांधून कोटिंग करायचं जवळजवळ ठरलं होतं. त्याआधी बुरशी पुसून, भिंत वरवर कोरडी करून जाड पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा लावला, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद केल्या आणि दोन दिवस हात लावला नाही. थेंब जमले ते खोलीकडच्या बाजूला. प्लास्टिक सोडवलं तर भिंतीकडची बाजू कोरडी. म्हणजे पाणी भिंतीतून येत नव्हतंच. खोलीतल्या हवेतलं बाष्प थंड भिंतीवर बसत होतं. कपाट चार बोटं पुढे ओढलं, त्या खोलीत कपडे वाळत घालणं बंद केलं (मशीनभर ओल्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं) आणि एक आर्द्रतामापक टांगला. तो ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा एवढंच पथ्य. बुरशी परत आलेली नाही, परांची वाचली.

*

आमच्याकडे हीच चाचणी उलटी निघाली, थेंब भिंतीकडच्या बाजूला. त्यामुळे ती करा, पण निकाल आधी ठरवून करू नका.

*

खिडकीखालची ओल हा आमच्या घरातला जुना वाद. सरकती ॲल्युमिनियमची खिडकी, आणि तिच्या डाव्या कोपऱ्याखाली हातभर रंग फुगलेला. दोन रंगाऱ्यांनी दोनदा पुट्टी भरली आणि दोन्ही वेळा पहिल्याच जोराच्या पावसात पोपडे आले. शेवटी बायको म्हणाली की आता भिंतीकडे नको, खिडकीकडे बघ.

खालच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला बारीक आडव्या चिरा असतात. ट्रॅकमध्ये आलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडावं अशी ती सोय. आमच्या चिरा दिसतच नव्हत्या. धूळ, मेलेले किडे आणि खिडकीच्या कडेच्या ब्रशपट्टीचे झडलेले केस मिळून वर काळा, चिवट थर झाला होता. जुना टूथब्रश आणि वाकवलेली तार घेऊन तो उकरला, मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. एका चिरेतून धार लागली, दुसरीतून काहीच नाही. पुन्हा तार. दुसरी मोकळी झाली तशी ट्रॅकमधली पातळी डोळ्यांदेखत उतरली. इतके दिवस तेच पाणी ट्रॅक भरला की आत सांडत होतं आणि चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीत जात होतं.

मग चौकट आणि भिंत यांच्यामधलं बाहेरचं सिलिकॉन बदललं. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, त्यामुळे जुनं ब्लेडने पूर्ण खरवडावं लागतं, जागा स्पिरिटने पुसून सुकवावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं हेच कोणी करत नाही. एक पाहा: बाहेरच्या खिडकीच्या पाटाला उतार बाहेरच्या बाजूला आहे ना, आणि त्याच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच आहे ना. खाच नसेल तर पाणी पाटाच्या पोटाला चिकटून थेट भिंतीवर येतं.

*

वरच्या दादांनी सिलिकॉनचं लिहिलंय त्यात भर: सिलिकॉनवर रंग बसत नाही. रंग द्यायचा असेल तिथे ॲक्रिलिक सीलंट वापरा.

*

बाथरूमच्या खालच्या मजल्यावर छताला डाग. शेजारधर्म पणाला लागतो अशा वेळी! आलेल्या पहिल्याच कंत्राटदाराने दारातून डोकावून 'सगळ्या टाइल्स फोडाव्या लागतील' असं जाहीर केलं. माझा मुद्दा असा की पाणी कुठल्या वाटेनं जातंय हे माहीत नसताना फोडायचं काय?

म्हणून एकेक वाट बंद करत गेले. आधी सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहिला आणि तासाभराने पाहिला. आकडा हलला नाही, म्हणजे दाबाखालचे पाइप ठीक. मग फ्लशच्या टाकीत रंग टाकला आणि फ्लश न करता थांबले. भांड्यात रंग उतरला नाही, टाकीही सुटली. मग जमिनीवरची जाळी बुच लावून बंद केली आणि बोटभर रंगीत पाणी साठवून ठेवलं. खाली काहीच आलं नाही. बुच काढल्यावर मात्र थोड्याच वेळात खालच्या काकूंचा फोन, 'अगं, निळं आलं!' त्यांचा आवाज इतका आनंदी होता की मलाही हसू आलं.

म्हणजे फरशी निर्दोष, दोष जाळीखालचा ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा भाग) आणि पाइप यांच्या सांध्यात. तेवढ्याच भागातल्या टाइल्स निघाल्या. ते काम मी मिस्त्रींना दिलं, कारण ट्रॅप बसवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. टाइल्समधल्या फटींत भरायचा मसाला, म्हणजे ग्राउट, मात्र मीच भरलं. ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, हे लक्षात असू द्या. पाणी अडवणारा थर टाइलच्या खाली असतो.

*

जुनं, जाड विटांचं बैठं घर आहे. जमिनीपासून मांडीपर्यंत भिंतीला लोणा लागलेला, पांढरा भुगा, हात लावला की गळणारा. ज्याला दाखवलं त्याने एकच सांगितलं: गिलावा काढा, सिमेंटचा नवा करा. शेजारच्या खोलीत आधीच्या मालकांनी तेच केलं होतं. तिथे खालचा भाग टणक आणि कोरडा, पण ओलीची रेघ गिलाव्याच्या वर सरकून पार खिडकीच्या पाटापर्यंत पोचलेली. पाण्याला बाहेर पडायला जागा मिळाली नाही की ते वर चढतं. जमिनीतून चढणारी ओल एरवी साधारण मीटरभराच्या आसपास थांबते, कारण तेवढ्यात ती भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जाते.

पाणी येत कुठून होतं? घराबाहेर फिरून पाहिलं तर अंगणात नंतर घातलेली फरसबंदी आतल्या जमिनीपेक्षा उंच होती. जोत्यावर ओल अडवणारा थर होता, पण बाहेरची माती आणि फरशी त्याच्याही वर गेलेली. मग थर असून उपयोग काय! भिंतीलगतची फरशी उचलली, वीतभर रुंद चर खणला, जमीन त्या थराच्या खाली नेली आणि चरात खडी भरली. पागोळीचं पाणीही नळीने लांब सोडलं. अंगमेहनत भरपूर, कौशल्य फारसं लागलं नाही.

आतला गिलावा डागाच्या वर आणखी फूटभर काढला. क्षार त्यातच साठलेले असतात आणि ते हवेतलं पाणी ओढतात, म्हणून मूळ ओल थांबली तरी जुना गिलावा दमट दिवसांत ओलाच दिसतो. उघड्या विटांवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, धुवायचा नाही. धुतला की विरघळून परत आत जातो. वाट बघण्याचा ढोबळ हिशोब २५ मिलिमीटर जाडीला एक महिना असा आहे, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊएक महिने. घरच्यांची बोलणी खात तेवढे महिने उघड्या विटा ठेवल्या, मग चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचाच रंग. आता अधूनमधून एका कोपऱ्यात थोडा भुगा पडतो. झाडतो आणि सोडून देतो.

*

चुना वगैरे ठीक आहे, पण सगळ्यांनीच कोटिंगला झोडपायची गरज नाही. आमची पावसाच्या तोंडावरची भिंत बाहेरून भेगा भरून लवचीक ॲक्रिलिक कोटिंग केल्यावर आतून कोरडी झाली. पाऊस ज्या बाजूने मारतो त्या बाजूला लावा, चालतं. आतून लावलं तर ते फक्त डाग झाकतं, आणि पाण्याचा रेटा मागून आला की फुग्यासारखं सुटून येतं.

*

मी ओलीवर नाही, नळावर लिहिते. नळ गळायला लागला की पूर्ण नळ बदलायला सांगतात. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात बहुतेकदा आतला स्पिंडलच (मूठ फिरवली की पाणी सोडणारा-अडवणारा भाग) गेलेला असतो. मेन कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, सिंकच्या तोंडात फडकं कोंबा (बारीक स्क्रू तिथेच जातात, हमखास), मूठ काढा, पान्याने स्पिंडल सोडवा आणि तोच हातात घेऊन दुकानात जा. लांबी आणि टोकावरचे दाते जुळायला लागतात. फोटोवरून आणलेला बसत नाही. टेफ्लॉन टेप गुंडाळायची तर आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर घट्ट करताना सुटत जाते.

*

बुरशी साफ करणाऱ्यांसाठी: ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही नाही. कोरडी बुरशी खरवडली की तिचे बीजाणू घरभर जातात, आधी ओली करून पुसा आणि एन९५ मास्क लावा. चौरस मीटरपेक्षा मोठा पट्टा असेल तर जाणकार बोलवा. आणि फारच जुन्या घरातला रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

*

मी स्थापत्य अभियंता आहे, म्हणून दोन ठिकाणी हात आखडता घ्या असं सांगतो. छताचं काँक्रीट फुगून निघत असेल आणि आत गंजलेली सळई दिसत असेल, तर त्यावर पुट्टी भरू नये. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट ढकलतो. पुट्टीने फक्त ते दिसेनासं होतं. दुसरं, भेगा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. काही महिन्यांत ती रेघ ओलांडून गेली, किंवा रुंदी ५ मिलिमीटरच्या पुढे असेल, तर माणूस बोलवा. प्लास्टरच्या केसाएवढ्या भेगा खुशाल स्वतः भरा.

*

आमच्याकडे पाऊस आला की आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडायचा. भिंत ओली आणि त्याच भिंतीत सॉकेट. ३० मिलिॲम्पिअरची गळती झाली तरी तो पडतो, आणि पडायलाच हवा. काही जण तो बायपास करतात, कृपया नको. वायरमन येईपर्यंत त्या सर्किटचा एमसीबी (बोर्डातला त्या सर्किटपुरता स्विच) बंद ठेवला.

*

सपाट गच्चीचं कोटिंग कोणी स्वतः केलंय का? जमेल का?

*

केलंय, जमतं. आधी बादलीभर पाणी ओतून बघा कुठे साचतंय. मीटरमागे सेंटीमीटरभर तरी उतार निचऱ्याकडे हवा. तो नसेल तर कोटिंग टिकणार नाही, आधी मिस्त्री. उतार ठीक असेल तर सगळा भर कठड्याच्या सांध्यावर द्या, गळती बहुतेक तिथूनच असते. काटकोनात भेग लवकर पडते, म्हणून तिथे पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) गोलाई करून घ्या. पहिला हात पातळ. दुसरा हात ओला असतानाच सांध्यावर आणि भेगांवर फायबरची जाळी दाबून बसवा, आणि तिसरा हात दुसऱ्याच्या आडवा मारा. सुकायला कोरडे दिवस हवेत. नंतर निचरा बंद करून दोन दिवस पाणी साठवून खालच्या छताकडे बघा, पण जुनी गच्ची असेल तर आधी विचारून घ्या, कारण पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन.