शब्दचर्चा: नॉर्स साहसकथेतल्या जायंट, ड्वार्फ, ड्रॅगनला मराठीत काय म्हणावं?

नॉर्स पुराणकथा आणि व्हायकिंग काळ यांवर बेतलेली मुलांची साहसकथा, वाचक ९ ते १२ वर्षांचे. सगळे परके शब्द तसेच ठेवले तर पोरं दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतात. सगळ्यांना राक्षस, बुटका, भूत म्हणून टाकलं तर ती गोष्ट कुठलीही होते. पुढच्या शब्दांसाठी सुचवा: व्हायकिंग, जायंट (मूळ शब्द योतुन), ड्वार्फ, ड्रॅगन, ड्राउग (थडग्यातून उठणारा मेलेला), निस्से (शेतघराचा छोटा रखवालदार), नॉर्न, थिंग. जहाजाच्या भागांचे शब्द हवेतच. नावं कशी लिहायची तेही सांगा.

* * *

व्हायकिंगपासून सुरुवात करतो. हा शब्द धंद्याचा, जातीचा नव्हे. जुन्या नॉर्समध्ये 'विकिंग' म्हणजे समुद्रावरची लुटीची मोहीम आणि 'विकिंगर' म्हणजे त्या मोहिमेवर गेलेला माणूस. 'विकिंगला जाणे' याला मराठीत तयार शब्द आहे: मुलुखगिरीवर जाणे. नुसता अर्थच नाही, हंगामसुद्धा जुळतो. ऑर्कनी बेटांवरचा बाराव्या शतकातला स्वेन आस्लेइफर्सन वसंतात पेरणी उरकली की एका मोहिमेवर निघे, कापणीला घरी येई आणि धान्य आत पडलं की दुसऱ्या मोहिमेवर. शेतीचं वेळापत्रक आधी, लूट नंतर. दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडणारी फौज ज्या भाषेला माहीत आहे तिला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 'बाबा मुलुखगिरीवर गेलेत' एवढं वाक्य पुरे.

मात्र घरी राहिलेली आई, गावातला लोहार, मेंढरं राखणारा मुलगा यांना व्हायकिंग म्हणू नका. ते नॉर्स लोक. आणि चित्रकाराला आधीच सांगून ठेवा, टोपाला शिंगं नकोत. ती शिंगं रुजली १८७६ साली बायरॉइटला झालेल्या जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेऱ्यातल्या वेशभूषेमुळे. नॉर्वेत येर्मुंडबूला १९४३ मध्ये सापडलेला खरा टोप गोल आहे आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी पट्टी आहे. 'लोखंडी टोप' म्हणा. शिरस्त्राण म्हटलं की महाभारत सुरू होतं.

* * *

योतुनला 'राक्षस' नको, 'दैत्य' घ्या. कारण नात्याचं आहे. दिती, दनू आणि अदिती या तिघी कश्यपाच्या बायका, म्हणून दैत्य, दानव आणि देव ही सावत्र भावंडं. भांडण भाऊबंदकीचं. नॉर्स कथांतही नेमकं तेच. देवांचा प्रमुख ओदिन याची आई बेस्त्ला योतुनांच्या घरातली, देवांत वावरणाऱ्या खोडकर लोकीचा बाप फार्बाउती योतुन, आणि बापाच्या खुनाचा जाब विचारायला आलेली स्कादी योतुन असून शेवटी न्योर्द या देवाशी लग्न करते (नवरा फक्त पावलं बघून निवडायचा, या अटीवर, मुलांना हा प्रसंग हमखास आवडतो). राक्षस म्हटलं की नरमांस, अक्राळविक्राळ दात आणि अशोकवन येतं. त्यात स्कादी बसत नाही, देवाला भुरळ घालणारी सुंदर गेर्द तर नाहीच.

आकारावरूनही फसू नका. स्क्रीमिरचा हातमोजा थॉरला रात्रभर घर वाटला हे खरं, पण सगळे योतुन एवढे अवाढव्य नाहीत. 'महाकाय' हे विशेषण त्या त्या पात्रापुरतं ठेवा, जातीचं नाव करू नका.

* * *

दैत्य पटतं, पण मग थॉर म्हणजे इंद्र, लोकी म्हणजे नारद असं वाचक आपोआप लावत जाणार. ते थांबवायचं तर पहिल्या उल्लेखात दोन्ही शब्द शेजारी यायला हवेत: 'योतुन, म्हणजे त्या उत्तरेकडच्या देवांचे दैत्य भाऊबंद'. पुढे संवादात 'योतुन', कथनात 'दैत्य'. ज्यांची गोष्ट आहे ती माणसं आपल्या तोंडाने संस्कृत शब्द बोलत नाहीत एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं.

* * *

बरोबर, आणि तोच नियम ड्वार्फला लावा. 'बुटका' दोन कारणांनी वाईट. एक तर तो खऱ्या माणसांना मारलेला टोमणा आहे, आणि मुलांच्या पुस्तकातून तो शाळेच्या मैदानावर जायला वेळ लागत नाही. दुसरं, जुन्या कवितांना द्वेर्गांच्या (ड्वार्फचा मूळ शब्द द्वेर्ग) उंचीत रस नाही, त्यांच्या हातात आहे. ते दगडात राहणारे कारागीर. 'द्वेर्ग' ठेवा आणि त्यांच्या कामाचे शब्द अस्सल मराठी द्या: भाता, ऐरण, घण, सांडशी.

थॉरचा हातोडा घडतो तो प्रसंग बघा. सिंद्री हा द्वेर्ग भट्टीत वस्तू घालतो आणि भाऊ ब्रोक्कला बजावतो की मी परत येईपर्यंत भाता थांबवायचा नाही. लोकी माशी होऊन येतो. पहिल्यांदा हाताला चावतो, दुसऱ्यांदा मानेला, तिसऱ्यांदा पापणीला. रक्त डोळ्यांत उतरतं, ब्रोक्क क्षणभर भात्यावरचा हात काढून माशी झटकतो, तेवढ्यात वारा खंडतो आणि हातोड्याचा दांडा आखूड पडतो. इथे 'फुंकणी' लिहिलं की संपलं. फुंकणी तोंडाने फुंकायची असते, मग हात अडकलेला आहे हे कळत नाही आणि माशी चावण्यातली गंमत जाते.

* * *

ड्रॅगनबद्दल. जुन्या नॉर्समध्ये 'द्रेकी' शब्द होता, पण कवितांत जास्त करून 'ओर्म' येतो, म्हणजे सरळ साप. फाफ्नीर सोन्याच्या ढिगावर वेटोळं घालून पडतो. लोभापायी तो साप झालेला असतो. मराठीत पुरलेल्या धनावर बसलेला नाग प्रत्येक गावात आहे! फाफ्नीरला पंखवाला, आग ओकणारा ड्रॅगन करण्यापेक्षा 'धनावरचा नाग' कितीतरी जवळचा. त्याचं शस्त्र आग नसून विष आहे.

पृथ्वीभोवती वेढा घालून स्वतःची शेपटी तोंडात धरलेल्या सापाचं नाव मात्र जपून लिहा. इंग्रजी स्पेलिंगवरून 'यॉर्मुनगांडर' लिहिलेलं असतं. पाचवीच्या वर्गात हे मोठ्याने वाचून दाखवा, बाईंना तास आवरता येणार नाही. जुन्या कथांनीच दुसरं नाव दिलंय, मिदगार्दचा साप. तेच वापरा.

* * *

नावांचा विषय निघालाच आहे तर थोडे नियम. रोमन लिपीतला j म्हणजे 'य', 'ज' कधीच नाही: न्योर्द, म्योल्निर, योतुन. 'त्यूर' या देवाचं इंग्रजी स्पेलिंग बघून 'टायर' करू नका. ओदिनचा बाप 'बोर' आहे. ते टाळता येत नाही, वाक्यात 'बोरने' आलं की मुलं झाडाकडे बघणार, म्हणून 'ओदिनचे वडील' म्हणून पुढे जा.

शेवटचा 'र' हा बहुतेक वेळा नॉर्सचा कर्त्याचा प्रत्यय, तो गाळायची पद्धत आहे. पण एका ठिकाणी गाळला तर मराठी व्याकरण दगा देतं. फ्रेय आणि फ्रेया हे देव: फ्रेय भाऊ, फ्रेया बहीण. भावाचं सामान्यरूप केलं की 'फ्रेयाला', बहिणीचं तर आहेच 'फ्रेयाला'. वराह कोणाचा आणि मांजरांचा रथ कोणाचा, सगळा घोळ. म्हणून भावाला 'फ्रेयर' ठेवा.

आणि एरिकसन हे आडनाव नाही. नॉर्स दर्यावर्दी लेइफ एरिकसन म्हणजे एरिकचा लेइफ. त्याच्या बहिणीच्या नावापुढे 'एरिक्सदोत्तिर' येईल. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांचं असंच चालतं. आपण मधलं नाव बापाचं लावतो, तेवढंच शेवटी गेलंय असं समजा. 'एरिकसनकाका' असं कोणी हाक मारणार नाही.

* * *

निस्सेला 'बुटका', 'यक्ष' वगैरे काही नको. स्वीडिश शब्द आहे 'तोम्ते', आणि 'तोम्त' म्हणजे घराची जागा, वास्तू. जागेचा राखणदार. कोकण-गोव्यातला राखणदार किंवा देवचार हा याच जातीचा: हद्द सांभाळतो, त्याचं देणं वेळेवर दिलं तर बरं, विसरलात तर खोड्या. रोट दिला जातो तसं निस्सेला नाताळच्या आदल्या रात्री पेज-खिरीसारखी लापशी, वर लोण्याचा गोळा. लोककथा अशी की लोणी दिसलं नाही म्हणून निस्सेने रागाच्या भरात गोठ्यातली गाय मारली, मग लापशी खाताना तळाशी लोणी सापडलं, आणि पठ्ठ्याने दुसरीकडून तशीच गाय आणून बांधली.

'घरराखण्या' कसं वाटतं? राखणदार शब्दातला दरारा थोडा कमी होतो, जे मुलांच्या गोष्टीत बरंच आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: निस्से हे नाव निल्सवरून, म्हणजे निकोलस संताच्या नावावरून आलं असं मानतात. गोष्ट नवव्या शतकातली असेल तर तिथे हे नाव शोभत नाही. त्या काळासाठी 'लांदव्हेत्तिर' आहेत, भूमीचे रक्षक. त्यांना मात्र थेट 'राखणदार' म्हणा.

* * *

ड्राउगला वेताळ? वेताळ प्रेतात शिरतो. ड्राउग तोच मेलेला माणूस असतो, अंगाने भक्कम, आपल्या थडग्याच्या टेकाडात आपल्या वस्तूंवर बसलेला. त्याच्याशी कुस्ती होते, भुताशी होत नाही. 'समंध' जास्त जवळचा, वासना अडकलेला. मी 'टेकाडातला समंध' लिहीन. हडळ, मुंजा, गिऱ्हा यांना आणू नका. मुंजा आला की पिंपळ आणि सोडमुंज पाठोपाठ आलीच.

नॉर्नना सटवाई म्हणायचा मोह होईल आणि तो चुकीचा नाही. कवितांतला वीर हेल्गी जन्मतो त्या रात्री नॉर्न घरात येतात आणि त्याच्या दैवाचे धागे वळतात. सटवाई कपाळावर लिहिते, या सूत वळतात. पण नाव नॉर्नच ठेवा, पात्राच्या तोंडी फक्त 'सटवाईसारख्या' एकदा येऊ द्या. थिंगला 'गोतसभा'. पंचायत म्हटलं की पाच माणसं आणि सरपंच दिसतात, तर थिंगला सगळे स्वतंत्र पुरुष मैदानात जमत. आइसलँडची अल्थिंग ९३० पासूनची. तिथे कायदा सांगणारा दरवर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवी, तीन वर्षांत पूर्ण.

* * *

जहाज. इथे कोकणी शब्द भरपूर आहेत आणि तेच घातक आहेत, कारण बांधणी वेगळी.

'गलबत' नको, 'मचवा' तर नकोच. मचव्याचं शीड तिरकं, यांचं चौकोनी आणि एकच. इंग्रजी 'लाँगशिप'ला 'लांबनाव' लिहिलं तर मुलं लांबलचक नाव समजतील, म्हणून 'लांबनौका'. प्रमाण हवं असेल तर नॉर्वेत १८८० साली उकरून काढलेली गोकस्टाडची नौका धरा: लांबी सुमारे २३ मीटर, रुंदी ५ मीटर, प्रत्येक बाजूला फळ्यांच्या १६ रांगा आणि १६ वल्ही. फळ्या कडेला कड लावून नाहीत, कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. खिळा बाहेरून आत, आतल्या टोकाला लोखंडी चकती आणि तिच्यावर टोक ठोकून बसवलेलं. सांध्यात डांबरात बुडवलेली लोकर. सुताराच्या हातात करवत देऊ नका. ओंडका पाचरी ठोकून उभा फोडायचा आणि कुऱ्हाडीने तासायचा. तंतू तुटत नाहीत म्हणून फळी पातळ असूनही लाटेबरोबर वाकते, मोडत नाही.

पुढचं टोक नाळ, वल्हं, डोलकाठी, शीड हे शब्द तसेच चालतील. शीड लोकरीचं. वल्ही कठड्यावरून नाही तर फळीतल्या भोकांतून बाहेर येतात आणि शिडावर चालताना ती भोकं लाकडी झाकणांनी बंद करतात. वादळाच्या प्रसंगात कोणीतरी एक झाकण लावायचं विसरलं की तुमचं प्रकरण तयार.

सुकाणू मात्र मागे मधोमध नाही. ते उजव्या कडेला बांधलेलं मोठं वल्हं आहे. नौका उजव्या अंगाने धक्क्याला लावली तर ते चिरडेल, म्हणून नेहमी डावी बाजू.

* * *

खाण्याचे दोनच शब्द. 'स्कीर'ला दही म्हणतात ते चूक. पाणी निथळून घट्ट झालेला तो चक्का, फक्त साय काढलेल्या दुधाचा. आणि 'मीड' म्हणजे मधाची दारू. 'मध', 'मधु' आणि त्यांचा 'म्योद' एकाच मुळातले, तेव्हा 'मधुरस' म्हणून लपवण्यापेक्षा 'मधाचं मद्य' म्हणा आणि मोठ्यांना पिऊ द्या.

रूनलिपी, म्हणजे नॉर्स लोकांची कोरीव लिपी, चित्रात येणार असेल तर व्हायकिंग काळात १६च अक्षरं होती. २४ अक्षरांची मांडणी त्याआधीची. १६ मध्ये त-द, क-ग, प-ब यांना वेगळी चिन्हं नाहीत. दादा आणि ताता सारखेच दिसतील. गुप्त निरोप चुकीचा वाचला जाण्यासाठी यापेक्षा चांगली सोय नाही.

* * *

सगळं जुळवून एक परिच्छेद केलाय, बघा:

'नाळेवरच्या नागाने जबडा वासला होता. धुक्यातून आइसलँडचा काळा किनारा वर आला. शीड उतरलं, वल्ही पाण्यात पडली आणि डावी कड हळूच खडकाला टेकली. "गोतसभा भरली असेल," आजी म्हणाली.'

* * *

शब्द ठीक. पण तो नाग तिथे राहू शकत नाही. आइसलँडच्या जुन्या कायद्यात होतं की जबडा वासलेलं मुंडकं लावून जमिनीकडे यायचं नाही, किनारा नजरेत येण्याआधी ते उतरवायचं, नाहीतर लांदव्हेत्तिर बिचकतात. म्हणजे किनारा दिसण्याच्या आधी एक वाक्य घाला:

'"मुंडकं काढा," आजी म्हणाली. "राखणदारांना घाबरवायचं नाही." दोघांनी नाग उपसून फळ्यांवर आडवा ठेवला आणि त्याच्या तोंडावर घोंगडी टाकली.'