उघड्या कॉकपिटच्या बायप्लेनमध्ये पहिल्यांदा बसताना काय बघून ठेवावं?

पंखबांधणी:
हॅट्झ सीबी-१ (घरी बांधता येणारं, एकावर एक दोन पंखांचं म्हणजे बायप्लेन विमान) बांधतोय. फ्यूजलाजचं (विमानाच्या धडाचं) वेल्डिंग झालंय, आता विंडस्क्रीन ठरवायची आहे. स्टीअरमनच्या (जुन्या प्रशिक्षण बायप्लेनच्या) पुढच्या सीटवर अर्धा तास बसायला मिळणार आहे. उघड्या कॉकपिटचा अनुभव शून्य. काय सांभाळायचं आणि माझ्या कामाचं काय बघायचं?

टेलव्हील:
आधी खिसे पूर्ण रिकामे करा. पेन, नाणी, किल्ल्या, काहीही नको. सीटखालून स्टिकचे (विमान चालवायच्या दांड्याचे) रॉड आणि केबल जातात, पडलेली वस्तू तिथे अडकली तर कंट्रोल जाम होतात. मोबाइल हवाच असेल तर मनगटाला दोरीने बांधा.

चढताना पाय फक्त पंखाच्या मुळाशी असलेल्या काळ्या खरखरीत पट्टीवर. पट्टीबाहेर नुसतं कापड असतं, पाय सरळ आरपार जाईल. आधाराला पंखांमधली ताणलेली वायर धरू नका, कुठे धरायचं ते पायलटला विचारा. उतरताना प्रॉपेलर पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही.

तुमच्यासमोरही स्टिक आणि पेडल असतील. पाय पेडलपासून मागे, गुडघे स्टिकच्या वाटेतून बाजूला. गॉगलचा पट्टा घट्ट हवा. मान बाहेर काढून मागे वळलात की वारा कडेतून शिरतो आणि गॉगल उडतो. मफलर जॅकेटच्या आत. दर १००० फुटांना साधारण २ अंश सेल्सिअस तापमान उतरतं, त्यात वारा, म्हणून उन्हाळ्यातही जॅकेट आणि पातळ हातमोजे घ्या.

डोपब्रश:
विंडस्क्रीनबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. हॅट्झ मागच्या सीटवरून उडवतात आणि तुम्ही बसणार पुढे. मागच्याला पुढच्या स्क्रीनमागची आणि पुढच्या माणसाच्या डोक्यामागची ढवळलेली हवा लागते. त्यामुळे पुढचा अनुभव जसाच्या तसा मागे लावू नका. जमिनीवर असताना मालकाला विचारून मागच्या सीटवरही बसा. हेल्मेट घालून तीन मापं घ्या: स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या किती वर, स्क्रीन चेहऱ्यापासून किती लांब, आणि खांद्यांच्या मानाने किती रुंद.

वर गेल्यावर, सरळ उड्डाणात, पायलटची परवानगी घेऊन हात स्क्रीनच्या कडेमागून सावकाश वर न्या. बोटांना एकदम जोर लागतो ती प्रवाहाची सीमा. मग मानेकडे लक्ष द्या. वारा समोरून न येता मागून कॉलरमध्ये शिरत असेल तर हवा कॉकपिटमध्ये उलटी फिरतेय. हीच उलटी हवा शेपटीकडून एक्झॉस्टचा धूरही पुढे ओढू शकते. म्हणून तुमच्या विमानात मागच्या सीटच्या पाठीमागचा भाग बंद करा आणि कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर लावा.

स्क्रीन आधी पुठ्ठ्याची करून बघा. खरी कापताना थोडी उंच ठेवा, नंतर कमी करता येते, वाढवता येत नाही. अॅक्रिलिकला भोकं बोल्टपेक्षा मोठी पाडा आणि रबरी वॉशर घाला. तापमानाने ते आकुंचन-प्रसरण पावतं आणि घट्ट भोकाच्या कडेपासून तडा जातो.

पंखबांधणी:
मापं नक्की घेतो. वायरींकडे काय बघू?

टेलव्हील:
जमिनीवर पंखांचं वजन लँडिंग वायर पेलतात, उडताना भार फ्लाइंग वायरवर जातो. हवेत लँडिंग वायर सैलावून थरथरू लागतात, म्हणून वायर एकमेकांना छेदतात तिथे आडवी काठी बांधलेली असते. तिचे बांध जवळून बघा. चपटी वायर वाऱ्याच्या दिशेशी थोडी जरी तिरकी बसली तरी थरथर वाढते, तेव्हा रिगिंग (वायरींचा ताण आणि कोन जुळवणं) करताना प्रत्येक लॉकनट आवळल्यावर वायरचा कोन परत तपासा. नट फिरताना वायरलाही पीळ देतो.