मायएसक्यूएलचा एरर अर्धवट येतोय, पूर्ण कसा बघायचा?

रात्रपाळी:
लोकहो मदत करा, दोन दिवस डोकं फिरलंय. पीएचपी ७.४, मायएसक्यूएल ५.७. धान्यवाटपाचा रिपोर्ट आहे, महिने उभे आणि जिल्हे आडवे. जिल्ह्यांचे कॉलम डेटाबेसमधल्या प्रोसिजरमध्येच ग्रुप_कॉन्कॅटने (अनेक ओळींतला मजकूर जोडून एक स्ट्रिंग करणारं फंक्शन) जोडतो, पुढे फ्रॉम वगैरे चिकटवून क्वेरी बनवतो आणि चालवतो. पुणे विभागाचे ५ जिल्हे टाकले की मस्त, अख्ख्या महाराष्ट्राचे ३६ टाकले की १०६४, म्हणजे सिंटॅक्स एरर. आणि एरर पण धड येत नाही, नियरच्या पुढे 'नंदु फ्रॉम वाटप ग्रुप बाय... असं काहीतरी आणि मग तुटतं. मधलं कोण खातंय? लोकलला, म्हणजे माझ्या मशीनवर झॅम्प (पीएचपी आणि डेटाबेसचा तयार संच) आहे, त्यावर हीच प्रोसिजर चालते म्हणून जास्त वैताग. पूर्ण एरर दाखवणारं टूल असेल तर सुचवा.

अण्णा_डीबग:
पीएचपी.आयएनआय मध्ये लॉग_एरर्स_मॅक्स_लेन बघ, डिफॉल्ट १०२४ असतं, ० कर आणि सर्व्हर रीस्टार्ट मार. ८ व्हर्जनपासून त्या सेटिंगचा काही उपयोगच राहिला नाहीये पण तुझ्या ७.४ ला चालते.

रात्रपाळी:
केलं अण्णा. ढिम्म फरक नाही.

सेमीकोलन_ताई:
नसणारच, तुझा एरर पीएचपी कापतच नाहीये. नियरच्या पुढे मायएसक्यूएल स्वतःच फार तर ८० अक्षरं देतं, कुठलंही टूल लावलंस तरी तेवढंच मिळणार. पण तुला हवं ते त्यात आहे की! नंदुरबारचं 'नंदु' झालंय आणि लगेच फ्रॉम आलंय, कोट बंदच नाही. म्हणजे क्वेरीच अर्धवट गेलीय रे, एरर नाही. ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन डिफॉल्ट १०२४ बाइट, त्याच्यापुढचं ते गुपचूप छाटतं, नुसती १२६० नंबरची वॉर्निंग देतं आणि प्रोसिजरमधली वॉर्निंग कोण बघतंय. झॅम्पमध्ये मायएसक्यूएल नसून मारियाडीबी असते, तिकडे १०.२.४ पासून ही मर्यादा १० लाखांच्या घरात आहे, म्हणून तुझं लोकलला चालतं. प्रोसिजरच्या सुरुवातीला सेट सेशन ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन = १०००००० टाक.

अण्णा_डीबग:
अरे हो की, दोन्हीकडे १०२४ म्हणून मी फसलो. ताई म्हणतेय ते बरोबर.

एकच_जॉइन:
माझं ऐकशील तर पिव्हट (ओळींचे कॉलम करणं) एसक्यूएलमध्ये करूच नको, महिना-जिल्हा-बेरीज अशा साध्या ओळी आण आणि पीएचपीत फिरव. नाहीतर उद्या तालुकानिहाय मागतील तेव्हा परत इथेच येशील. आणि कुणी जनरल लॉग (आलेली प्रत्येक क्वेरी लिहून ठेवणारा) चालू कर म्हणालं तर लाइव्ह सर्व्हरवर चालू ठेवून झोपू नको, डिस्क भरते आणि लोकांची माहिती त्यात उघडी पडते ते वेगळंच. एक्झिक्यूटच्या आधी बनवलेली क्वेरी सिलेक्ट करून बघितली असतीस तर दोन दिवस वाचले असते.

रात्रपाळी:
चाललं!! ३६ च्या ३६ आले. ताई, तुला मिसळ लागू. पण सेट करायच्या आधी उत्सुकता म्हणून नुसत्या कॉलमच्या स्ट्रिंगची लेंग्थ काढली तर १०२३ आली, १०२४ का नाही?

सेमीकोलन_ताई:
देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइटचं, आणि शेवटी एकच बाइट उरला होता. 'र' त्यात कसा मावणार, म्हणून 'नंदु'वरच थांबलं. आणि लेंग्थ बाइट मोजतं, क्यारॅक्टर मोजायचे असतील तर क्यार_लेंग्थ.