अध्यापक महाविद्यालयातून बाहेर पडताना : शिक्षणातून चारित्र्य कसे घडते? आपले अनुभव लिहा

निमंत्रण (शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक, अंबाजोगाई परिसर)

यंदाची बी.एड.ची तुकडी आता बाहेर पडत आहे. सूक्ष्म अध्यापन (थोड्या मुलांसमोर छोटा पाठ घेण्याचा सराव), सराव पाठ, आंतरवासिता (शाळेत काही काळ प्रत्यक्ष शिक्षक म्हणून काम) हे सगळे पार पाडून ही मुले-मुली शिक्षक पात्रता परीक्षेच्या (टीईटी) आणि नोकरीच्या धावपळीला लागतील. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा यांपासून संवेदनशीलतेपर्यंतची मूल्यशिक्षणातील दहाही मूल्ये त्यांना तोंडपाठ आहेत. निरोप समारंभाच्या दिवशी मात्र एका छात्राध्यापिकेने मला विचारले की, शिक्षणाने चारित्र्य घडते असे आम्ही प्रत्येक परीक्षेत लिहीत आलो, पण ते घडताना तुम्ही कधी पाहिले आहे का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एकट्याने देण्यासारखे नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ त्याआधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर आमच्या अंबाजोगाईत शिक्षक होते. त्यामुळे मराठवाड्यात या प्रश्नाचा विचार केवळ पुस्तकी राहू नये, असे मला मनापासून वाटते. आपण स्वतः पाहिलेले लिहावे. उपदेश टाळावा, ही विनंती.

छात्राध्यापिका, बीड जिल्हा

माझी आंतरवासिता धारूरच्या डोंगरपट्ट्यातील एका जिल्हा परिषद शाळेत झाली. दिवाळीनंतर गावातील बरीच घरे ऊसतोडीला जातात आणि पटावरच्या मुलांपैकी काही आईवडिलांबरोबर फडावर जातात, तर काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. चौथीतील एक मुलगी रोज धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची, कारण आजी दुसऱ्याच्या शेतात कामाला जात असे. मूल रडू लागले की ती वर्गाबाहेर जाऊन बसायची आणि तेवढा तास तिचा बुडायचा. वर्गशिक्षकांनी तिला काहीही न विचारता फळ्याजवळ एक जुनी सतरंजी अंथरली, त्या लहानग्याला खडूचे तुकडे दिले आणि शिकवणे चालू ठेवले. आठवड्याभरात वर्गातील मुलांनी आपापसांत पाळ्या ठरवल्या. मधल्या सुट्टीत पोषण आहाराची खिचडी त्या बाळाला कोणी भरवायची, याची यादी एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती. मी त्याच काळात ‘संवेदनशीलता’ या मूल्यावर पाठ घेणार होते आणि त्यासाठी तीन तक्तेही तयार केले होते. मी मार्गदर्शकांना विचारून पाठाचा विषय बदलून घेतला, कारण त्या वर्गाला तो पाठ आधीच मिळालेला होता.

आणखी एक गोष्ट लिहिते. जी मुले फडावर जात, त्यांच्यासाठी हे शिक्षक शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे कार्ड) स्वतः भरून पालकांच्या हातात देत आणि मुकादमाचा फोन नंबर टिपून घेत. गाडी कोणत्या कारखान्याला गेली, तिथून जवळची शाळा कोणती, याची चौकशी ते फोनवरून करत. हे काम कोणत्याही निरीक्षणात मोजले जात नाही. ही मुले मार्च-एप्रिलमध्ये परत आली की न लाजता थेट वर्गात येऊन बसत.

निवृत्त प्राथमिक शिक्षक, औसा तालुका

वरील अनुभव वाचून मला 1993 साल आठवले. 30 सप्टेंबरच्या पहाटेच्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमची शाळा कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये भरत होती. पहिले काही दिवस शिकवणे अशक्यच होते, कारण वर्गात असे मूल क्वचितच होते ज्याच्या घरातले कोणी गेले नव्हते. आमचे मुख्याध्यापक शोकसभा, भाषणे यांत रमले नाहीत. त्यांनी प्रत्येक मुलाला एक काम नेमून दिले : एकाने घंटा वाजवायची, एकीने पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवायचे, दोघांनी मदतीत आलेली पुस्तके मोजून वाटायची. पुस्तके मुलांपेक्षा कमी होती. वाटणी करणाऱ्या त्या दोन मुलांनी स्वतःला पुस्तक न ठेवता इतरांना दिले आणि ही गोष्ट आम्हाला पंधरा दिवसांनी, तीही दुसऱ्याच मुलाकडून, कळली. मुख्याध्यापकांनी त्यांचे परिपाठात कौतुक केले नाही. तालुक्याहून दोन पुस्तके मागवून शांतपणे त्यांच्या हातात ठेवली. मला आजही वाटते की जाहीर कौतुक झाले असते, तर पुढच्या वाटपात मुलांनी चांगुलपणाचे प्रदर्शन मांडले असते.

माध्यमिक शिक्षिका, नांदेड जिल्हा

आमच्या भागात चारित्र्याची खरी कसोटी दहावी-बारावीच्या परीक्षेत लागते आणि त्याबद्दल बोलणे टाळले जाते, म्हणून मी तेच लिहिते. कॉपी ही केवळ विद्यार्थ्याची वाईट सवय नव्हती. खिडकीखाली उभे असलेले नातेवाईक, निकालाच्या टक्केवारीवर शाळेची प्रतिष्ठा मोजणारे संस्थाचालक आणि पाठ फिरवून उभा राहणारा पर्यवेक्षक या सगळ्यांचा त्यात वाटा होता. आमच्या जिल्ह्यात कॉपीमुक्त अभियान राबवले गेले, त्या काळात मी नुकतीच नोकरीला लागले होते. गावातील जाणत्यांनी आम्हाला बजावले की तुम्ही मुलांचे नुकसान करत आहात.

त्यावर आमच्या शाळेतील गणिताच्या बाईंनी जे केले, ते मी कधीच विसरणार नाही. त्यांनी डिसेंबरपासून रोज सकाळी शाळेआधी वर्ग घ्यायला सुरुवात केली. नापास होण्याची भीती असलेल्या मुलांची त्यांनी वेगळी यादी केली आणि त्यांना फक्त उत्तीर्ण होण्यापुरते, पण पक्के, गणित शिकवले : बीजगणितातली सोपी समीकरणे, भूमितीतल्या रचना, आलेख. त्या म्हणत की ज्याला काहीच येत नाही त्याला प्रामाणिक राहा असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आधी त्याला काहीतरी येऊ द्या. त्या वर्षी आमचा निकाल खाली आला, पण बाईंच्या यादीतील बहुतेक मुले स्वतःच्या बळावर पास झाली. नव्या शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे की पर्यवेक्षणाच्या दिवशी दाखवलेल्या कडकपणाला आधीच्या वर्षभराच्या शिकवण्याचा आधार असावा लागतो.

शेतकरी पालक, जालना जिल्हा

मी शिक्षक नाही, तरी लिहितो. माझ्या लहानपणी गुरुजी गावातच राहत असत. ते उधारी वेळेवर फेडत, देवळापुढच्या पारावर वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि कोणाच्याही भांडणात पडत नसत. हे सारे आम्हा मुलांना दिसत होते. आता शिक्षक शहरातून मोटारसायकलवर येतात आणि शाळा सुटली की जातात. ते चांगले शिकवतात, याबद्दल माझी तक्रार नाही, परंतु माझ्या मुलाने त्यांना वर्गाबाहेर कधी पाहिलेलेच नाही.

तासिका तत्त्वावरील शिक्षक, परभणी

पालकांचे म्हणणे मला पटते, मात्र एक बाजू मांडणे आवश्यक आहे. बी.एड. झाल्यावर मला एका खाजगी संस्थेत जागेसाठी मोठी रक्कम मागण्यात आली. वडिलांनी जमीन विकण्याची तयारी दाखवली होती. मी नकार दिला, कारण पैसे देऊन मिळवलेल्या खुर्चीवर बसून नागरिकशास्त्र शिकवणे मला जमले नसते. पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन शिक्षक भरती प्रणालीतून, भरती होऊ लागल्यापासून गुणवत्तेला वाट मिळाली, हे खरे आहे. तरीही परीक्षा आणि भरती यांच्यामधली प्रतीक्षा लांबते आणि तेवढा काळ तासिकेच्या तुटपुंज्या मानधनावर काढावा लागतो. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे (सुरुवातीची काही वर्षे मानधनावर नेमलेल्या शिक्षकाचे) मानधन 2023 मध्ये 6,000 रुपयांवरून 16,000 रुपये झाले, याचा मला आनंद आहे. भाडे, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे यांचा हिशेब मात्र तेवढ्यात जेमतेम बसतो. शिक्षकाच्या चारित्र्याविषयी बोलताना समाजाने त्याच्या पोटाचाही विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

छात्राध्यापक, लातूर

मी यंदाच उत्तीर्ण होत आहे. आमच्या भागात पाठ टाचणांच्या (पाठ कसा घ्यायचा याच्या लेखी आराखड्यांच्या) आणि प्रात्यक्षिकांच्या तयार फाइली विकत मिळतात. काही ठिकाणी तर फक्त परीक्षेला या, हजेरीचे आम्ही पाहून घेऊ, असे प्रवेशाच्या वेळीच सांगितले जाते; माझ्या एका मित्राने असाच प्रवेश घेतला आणि दोन वर्षांत एकही सराव पाठ प्रत्यक्ष मुलांसमोर घेतला नाही. त्याच्या हाती उद्या वर्ग येईल, या विचाराने मला खरोखर अस्वस्थ वाटते. जो आपल्याच हजेरीत खोटी सही करतो, तो मुलांच्या हजेरीशी कसा वागेल?

माझ्या मार्गदर्शक मॅडम प्रत्येक टाचण वाचत. माझ्या इतिहासाच्या एका टाचणात ‘विद्यार्थी उत्तर देतील’ असे पाच वेळा लिहिले होते. त्यांनी त्याखाली लाल शाईने विचारले : “नाही दिले तर?” त्या एका शेऱ्यामुळे मी पुढचे प्रत्येक टाचण मुलांचा विचार करून लिहिले.

छात्राध्यापिका, धाराशिव

लातूरच्या मित्राने मांडलेल्या फाइलींच्या प्रश्नावर आमच्या तुकडीत चर्चा झाली. धाकट्या तुकडीतील मुले आमच्या फाइली मागू लागली आहेत आणि त्यांना नाही म्हणणे अवघड जाते. आम्ही असे ठरवले की फाइली महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवायच्या, तिथेच बसून वाचू द्यायच्या आणि नवीन प्रवेश झाल्यावर दर शनिवारी आमच्यापैकी दोघांनी येऊन टाचण कसे लिहावे यात मदत करायची. ग्रंथपालांनी एक कपाट देण्याचे मान्य केले आहे. भूगोल आणि विज्ञान या विषयांसाठी अजून कोणी मिळालेले नाही. जवळपासच्या शाळांतील शिक्षकांपैकी कोणाला महिन्यातून एक शनिवार देता आला, तर त्यांनी इथे कळवावे.